भिंत, दोरी आणि शेजारीण

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करून एखादी बाई घरी परत आली, की भेटायला येणाऱ्या आयाबाया तिला हमखास दोन गोष्टी सांगतात. ‘आता त्या हाताने काही उचलू नकोस’ ही पहिली, आणि ‘स्वस्थ पडून राहा’ ही दुसरी. दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले असतात. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पुष्कळ डॉक्टरही जवळजवळ असेच सांगत असत. पण हे सल्ले कोणी तंतोतंत पाळले, तर काही आठवड्यांतच खांदा आखडू लागतो. हात डोक्यापर्यंत जात नाही. वेणी घालणे, फळीवरचा डबा काढणे, दोरीवर लुगडे वाळत घालणे ही रोजची कामे दुसऱ्यावर सोपवावी लागतात. आजार गेला तरी बाई आजारीच राहते.

भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला असा अंदाज आहे. भारतीय स्त्रियांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग तो हाच. रोग लवकर ओळखला गेला तर उपचारांनंतर बहुतेक स्त्रिया पुढे अनेक वर्षे जगतात. त्या वर्षांत त्यांचा हात, त्यांची ताकद आणि त्यांचा दम कसा राहील, हा प्रश्न म्हणूनच लहान नाही. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याने वैद्यकाच्या मळ्यात कशाला शिरावे, असे कोणी विचारील. परंतु खांदा ही एक तरफ आहे आणि हातातून वाहणारी लसीका हा एक द्रव आहे. तेव्हा या प्रश्नाचा निदान अर्धा भाग शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातलाच आहे. उरलेला अर्धा भाग शेजारपाजाराचा आहे, आणि त्याबाबत आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापाशी सांगण्यासारखे बरेच आहे.

हात का सुजतो?

रक्त केशवाहिन्यांतून जाताना त्यातला थोडा द्रव त्यांच्या पातळ भिंतींतून पाझरून पेशींच्या भोवती येतो. हा पाझर कोणत्या दाबांमुळे होतो याचा उलगडा अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९६ साली केला. पाझरलेला द्रव साचून राहिला तर शरीर फुगून जाईल. तो गोळा करून मानेच्या तळाशी असलेल्या मोठ्या शिरांत परत सोडण्याचे काम लसीकावाहिन्या करतात. त्यांच्यातून वाहतो तेव्हा या द्रवाला लसीका म्हणतात.

आता गंमत अशी, की लसीका ढकलण्यासाठी हृदयासारखा वेगळा पंप माणसाच्या शरीरात नाही. मोठ्या लसीकावाहिन्या स्वतः थोड्याफार आकुंचन पावतात, आणि बाकीचे काम भोवतालचे स्नायू करतात. तुम्ही मूठ आवळली, की हाताचे स्नायू फुगतात आणि शेजारच्या लसीकावाहिन्या दाबल्या जातात. वाहिन्यांत ठिकठिकाणी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. त्यामुळे दाबलेला द्रव खाली जाऊ शकत नाही. तो खांद्याकडेच सरकतो. मूठ सैल केली, की खालच्या भागातला द्रव रिकाम्या जागेत येतो.

म्हणजे हा थेट आपला हापसा झाला. दांडा दाबला की दट्ट्या हलतो, झडप उघडते, पाणी एक टप्पा वर चढते, आणि झडप मिटल्यामुळे परत खाली पडत नाही. (जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, जगभर गेलेल्या ‘इंडिया मार्क टू’ या हापशाची पूर्वपीठिका जालना आणि सोलापूर येथे तयार झालेल्या हापशांतच आहे.) हापसा कोणी हापसलाच नाही तर पाणी वर येत नाही. न हलणाऱ्या हातातल्या लसीकेचेही बरेचसे तसेच होते.

हातातली बहुतेक लसीका काखेतून जाते. तिथे वीस ते चाळीस लसीका-ग्रंथी असतात. त्या गाळणीचे काम करतात. स्तनातून निसटलेल्या कर्करोगाच्या पेशी बहुधा प्रथम याच गाळणीत अडकतात. म्हणून शल्यविशारद त्या ग्रंथी काढतात. पूर्वी सरसकट सगळ्याच काढत. आता शक्य असेल तेथे वाटेवरच्या पहिल्या एक-दोन ग्रंथी काढून तपासतात आणि त्या निर्दोष असल्या तर बाकीच्यांना हात लावत नाहीत. हा फरक फार मोलाचा आहे. काखेतल्या ग्रंथी मोठ्या प्रमाणात काढलेल्या स्त्रियांपैकी साधारण पाचांत एकीचा हात पुढे केव्हातरी सुजतो. मोजक्याच ग्रंथी काढल्या तर हे प्रमाण शंभरात सहाच्या आसपास येते.

हात लोंबकळता असताना काय होते याचे एक छोटे गणित करू. खांद्यापासून मनगटापर्यंतची उंची ६० सेंमी धरली आणि लसीकेची घनता पाण्याइतकी मानली, तर त्या द्रवस्तंभाचा दाब = घनता × गुरुत्व त्वरण × उंची = १००० × ९.८ × ०.६ = ५८८० पास्कल. पाऱ्याच्या भाषेत हा दाब सुमारे ४४ मिलिमीटर होतो. झडपा धड असल्या तर हा स्तंभ लहान लहान टप्प्यांत वाटला जातो. पण वाहिन्या ताणल्या जाऊन झडपा नीट मिटेनाशा झाल्या, की खालच्या भागाला तो भार सोसावा लागतो. सुजलेला हात उशीवर उंच ठेवल्याने आराम पडतो तो यामुळेच.

मग हात सारखा उंच ठेवून पडून राहावे, हेच बरे नाही का? नाही. तसे केले तर हापसा बंद पडतो, आणि खांद्याचे वेगळेच दुखणे सुरू होते.

खांद्याची तरफ

शस्त्रक्रियेची जखम भरून येताना तिथे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू तयार होतात आणि व्रण हळूहळू आकसतो. या काळात सांधा हलता राहिला तर तंतू ताणाच्या दिशेने नीट बसतात. हालचाल थांबली तर ते एकमेकांत गुंततात आणि छाती-काखेची कातडी दोरीने बांधल्यासारखी ओढते. म्हणून हात उचलायला तर हवा. पण एक हात उचलणे म्हणजे किती बल लावणे, याची आपल्याला सहसा कल्पना नसते.

५० किलोग्रॅमच्या बाईच्या एका हाताचे वस्तुमान शरीराच्या साधारण ५ टक्के, म्हणजे २.५ किलोग्रॅम धरू. त्याचे वजन २४.५ न्यूटन झाले. हात बाजूला, जमिनीला समांतर ताठ धरला तर त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून सुमारे ३० सेंमीवर येतो. खांद्याचा सांधा हा टेकू. बल गुणिले टेकूपासूनचे लंब अंतर म्हणजे आघूर्ण, ते २४.५ × ०.३ = ७.३५ न्यूटन-मीटर. हा हात तोलून धरतो तो मुख्यतः डेल्टॉइड नावाचा खांद्यावरचा त्रिकोणी स्नायू. त्याची ओढ हाडाला जवळजवळ समांतर असते, म्हणून टेकूपासून तिचे लंब अंतर जेमतेम ३.५ सेंमी भरते. तेव्हा स्नायूला लावावे लागणारे बल = ७.३५ ÷ ०.०३५ = २१० न्यूटन. हाताच्या वजनाच्या साडेआठपट! ही तिसऱ्या प्रकारची तरफ आहे. चिमट्याप्रमाणे ती बलात तोटा सोसून हालचालीत फायदा देते.

आता कोपर वाकवा. गुरुत्वमध्य खांद्याकडे सरकून अंतर समजा २० सेंमी झाले, तर बल २१० वरून १४० न्यूटनवर येते. हात आडवा न करता शरीराशी ३० अंशांचा कोन होईल इतकाच उचलला, तर वजनाचे लंब अंतर निम्मे होते आणि आघूर्णही निम्मे. उलट, आडव्या ताठ हातात पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली धरली, तर ६० सेंमी अंतरावर ४.९ न्यूटनची भर पडते आणि स्नायूवरचा भार एकदम ८४ न्यूटनांनी वाढतो. अर्धा लिटर पाणी, म्हणजे दोन-अडीच पेले!

व्यायामतज्ञ जो क्रम ठरवून देतात त्यामागे हेच गणित आहे. आरंभी मूठ आवळणे-सोडणे, कोपर वाकवणे. मग उताणे झोपून दोन्ही हातांत एक काठी धरायची आणि ती डोक्याच्या दिशेने न्यायची. यात धडधाकट हात दुसऱ्याला ओढून नेतो, आणि हात उभ्या रेषेच्या पलीकडे गेला की गुरुत्वाकर्षणच मदत करू लागते. नंतर भिंत. भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि बोटांनी किड्यासारखे वर वर चालत जायचे. हाताचे काही वजन भिंत घेते, म्हणून खांद्याला सोपे जाते. बोटे जिथे पोचली तिथे खडूने खूण करायची. आठ दिवसांनी खूण किती सेंटिमीटर वर सरकली ते ज्याला वाचता येत नाही त्यालाही दिसते. मग दोरी. दाराच्या वरच्या कडीतून किंवा कप्पीवरून दोरी टाकून दोन टोके दोन हातांत धरायची. चांगला हात खाली ओढला की दुसरा वर जातो. आडावरच्या रहाटासारखी ही स्थिर कप्पी आहे. तिने बल वाचत नाही, फक्त दिशा बदलते. पण इथे दोन हातांची वजने तराजूच्या पारड्यांसारखी एकमेकांना तोलतात, त्यामुळे मात करायची ती घर्षणावर आणि आखडलेपणावर. कोणत्या दिवशी काय सुरू करायचे हे अर्थातच शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचे. जखमेतली नळी निघण्यापूर्वी हात फार उंच नेऊ देत नाहीत.

हौदाच्या दोन तोट्या

एक शंका राहतेच. व्यायामाने स्नायूंकडे जाणारे रक्त वाढते. रक्त वाढले की पाझर वाढतो. मग ज्या हाताच्या लसीकेची वाट अरुंद झाली आहे तो हात व्यायामाने अधिकच सुजणार नाही का? ‘उचलू नकोस’ या सल्ल्यामागे हीच भीती होती, आणि ती अगदीच खुळी नव्हती.

अंकगणितातला हौद आठवा. एका तोटीने पाणी येते, दुसरीने जाते. येणारे जास्त झाले तर हौद भरून वाहतो. एरवी न हलणाऱ्या हाताने एके दिवशी अचानक भरलेली घागर उचलली, तर पहिली तोटी एकदम मोठी होते. परंतु भार रोज थोडा थोडा वाढवत नेला, तर स्नायू बळकट होतात, हापशाचा फेरा वाढतो आणि उरलेल्या वाहिन्याही अधिक वाहू लागण्याची शक्यता असते. म्हणजे दुसरी तोटीही मोठी होते. हा तर्क झाला. तर्काला प्रयोगाची जोड लागते.

१९९६ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे डॉन मॅकेन्झी या डॉक्टरांनी स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या २४ स्त्रियांना सरावाने तयार करून ‘ड्रॅगन बोट’ ही लांबलचक नाव वल्हवायला लावली. वल्हवणे म्हणजे हातांचे जबर काम. एकीच्याही हाताला नव्याने सूज आली नाही. पण चोवीस ही संख्या लहान, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. नंतर अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ यांनी रीतसर प्रयोग केला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. हात आधीच सुजलेल्या १४१ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडले. एका गटाने वर्षभर देखरेखीखाली, अगदी हलक्या वजनापासून सुरुवात करून वजने उचलली. वर्षाअखेर सूज वाढलेल्या स्त्रिया दोन्ही गटांत सारख्याच निघाल्या: एकीकडे शंभरात ११, दुसरीकडे १२. आणि सूज एकाएकी उसळण्याचे प्रसंग वजने उचलणाऱ्या गटात शंभरात १४ स्त्रियांवर आले, तर न उचलणाऱ्यांत २९. पिढ्यानुपिढ्यांचा सल्ला एका वर्षाच्या मोजमापाने उलटला. यातले दोन शब्द मात्र विसरायचे नाहीत: ‘देखरेखीखाली’ आणि ‘हळूहळू’.

इथे कोणी म्हणेल, आमच्या बायका मुळात दिवसभर राबतात, त्यांना आणखी व्यायाम कशाला? पदार्थविज्ञानात डोक्यावर दहा किलोची घागर घेऊन सपाट रस्त्याने मैलभर चालणारी बाई गुरुत्वाविरुद्ध शून्य कार्य करते. हे वाक्य वर्गात सांगितले की मुली रागावतात, आणि त्यांचे बरोबर आहे. स्नायू ताणून धरण्यात ऊर्जा खर्च होतच असते. पण व्यायाम आणि राबणे यांतला फरकही यातच आहे. खुरपणी, ऊसतोडणी, धुणे या कामांत भार किती, किती वेळ आणि कोणत्या दिशेने हे कामच ठरवते; ते हाताच्या सोयीने पहिल्या आठवड्यात हलके आणि चौथ्या आठवड्यात जरा जड होत नाही. शिवाय त्यांत हात डोक्यावर क्वचितच जातो. उपचारांनंतरचा थकवा हीसुद्धा एक विचित्र गोष्ट आहे. तो निजून जात नाही, बेताने चालल्याने कमी होतो. व्यायामशास्त्राच्या तज्ञमंडळाने २०१९ साली जगभरचे प्रयोग पाहून असा निष्कर्ष काढला, की आठवड्यातून तीनदा अर्धा अर्धा तास चालण्यासारखा मध्यम व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम केला तर थकवा, चिंता, खिन्नता कमी होतात आणि दैनंदिन कामे सुधारतात. ‘मध्यम’ म्हणजे किती? चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका वेग. घड्याळ नको, यंत्र नको.

पुस्तिका की माणूस?

हे सगळे एका पुस्तिकेत छापून दवाखान्यातून घरी जाताना दिले तर? तसे देतातही. पुस्तिका ट्रंकेत जाते.

यावर उत्तम प्रकाश टाकणारा एक प्रयोग २०२५ साली प्रसिद्ध झाला. तो मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा आहे, स्तनाच्या नव्हे. पण त्याची रचना पाहण्यासारखी आहे. मुख्यतः कॅनडा व ऑस्ट्रेलियातील ८८९ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्याची पुस्तिका दिली. दुसऱ्या गटाला पुस्तिकेबरोबर व्यायामाचा मार्गदर्शक दिला. तो पहिले वर्षभर दर पंधरवड्याला आणि पुढे महिन्याला भेटत असे, अशी तीन वर्षे. आठ वर्षांनंतर पुस्तिकेच्या गटातले शंभरात ८३ जण हयात होते, मार्गदर्शकाच्या गटातले ९०. माहिती दोघांपाशी होती. फरक होता तो कोणीतरी नेमाने येऊन विचारण्याचा आणि बरोबर चालण्याचा. स्तनाच्या कर्करोगात चालण्याने आयुष्य वाढते असे दाखवणारे पुरावे मुख्यतः निरीक्षणांचे आहेत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, २९८७ परिचारिकांच्या पाहणीत आठवड्याला तीन ते पाच तास चालणाऱ्यांत मृत्यू बरेच कमी आढळले. पण ज्यांची प्रकृती मुळात बरी त्याच जास्त चालत असतील, ही शंका अशा पाहणीने फिटत नाही. थकवा आणि हाताची हालचाल यांबाबतचे पुरावे मात्र प्रत्यक्ष प्रयोगांचे आहेत.

मार्गदर्शक पगारी तज्ञच हवा का? याचे उत्तर १९५२ पासून मिळत आले आहे. त्या साली न्यूयॉर्कमध्ये टेरीज लॅसर नावाच्या बाईंवर स्तनाच्या कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली. पुढे हात कसा वापरायचा हे त्यांना कोणी धड सांगेना. त्यांनी स्वतःच व्यायाम बसवले आणि इस्पितळात जाऊन इतर स्त्रियांना शिकवू लागल्या. बरोबर एक रबरी चेंडू आणि एक दोरी असे. न बोलावता येणाऱ्या या बाईंचा डॉक्टरांना आरंभी त्रासच वाटला. परंतु ‘रीच टु रिकव्हरी’ हे त्यांचे काम वाढत गेले आणि १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते आपलेसे केले. त्यात नियम एकच: भेटायला जाणारी स्वयंसेविका स्वतः या आजारातून गेलेली असली पाहिजे. याच संस्थेच्या स्वयंसेविकांना घेऊन बर्नार्डिन पिंटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७६ स्त्रियांवर एक प्रयोग केला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. बारा आठवडे स्वयंसेविकांनी टेलिफोनवर दोन्ही गटांशी बोलायचे, पण एकाच गटाशी व्यायामाविषयी. त्या गटातल्या स्त्रियांची हालचाल दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे वाढली. नुसती विचारपूस पुरत नाही. काय विचारायचे हे शिकवलेली विचारपूस लागते.

जामखेडची रीत

असे शिकवणे आपल्याकडे, खेड्यात, जमेल का? हा प्रश्न १९७० साली आपल्याच जिल्ह्यात विचारला गेला होता. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने त्या वर्षी जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तालुका दुष्काळी, रस्ते वाईट, बालमृत्यूंचे प्रमाण हजारी १७६. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहायला तयार होईनात. तेव्हा गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची आणि तिला आरोग्यसेविका म्हणून तयार करायची, अशी रीत पडली. यांतल्या पुष्कळ जणी निरक्षर होत्या, दलित वस्तीतल्या होत्या. काही विधवा वा टाकलेल्या होत्या. त्या आठवड्याच्या आठवड्याला जामखेडला यायच्या, एक विषय शिकायच्या, गावात करून पाहायच्या आणि पुढच्या खेपेला काय जमले, काय फसले ते एकमेकींना सांगायच्या. नव्वदच्या दशकात बालमृत्यूंचे प्रमाण हजारी तिसाच्या खाली आले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली निवर्तले. प्रकल्प चालू आहे.

जामखेडचे काम बाळंतपणे, कुपोषण, कुष्ठरोग, क्षयरोग यांच्यासाठी उभे राहिले. स्तनाच्या कर्करोगासाठी नव्हे. मला त्यातली रीत महत्त्वाची वाटते. तज्ञाकडची विद्या लहान लहान, करता येण्याजोग्या भागांत मोडायची आणि ज्या बाईचा शब्द गल्लीत ऐकला जातो तिच्या हाती द्यायची. मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर जो दीर्घ प्रयोग केला, त्यात स्तनांची तपासणी दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनीच केली. २०२१ साली त्याचे निष्कर्ष आले: पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयांचा एकत्र हिशेब केला तर मात्र घट १५ टक्के, आणि ती संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेशी उतरली नाही. तपासणी करण्याच्या कामी त्या सेविका कमी पडल्या नाहीत, एवढे आपल्यापुरते पुरे.

जामखेड भागातल्या बाईची शस्त्रक्रिया बार्शी, पुणे किंवा मुंबईला होते. टाके निघाले की ती गावी येते, आणि तिचा शल्यविशारद दूर राहतो. लोणीला प्रवरेच्या वैद्यकीय संस्थेत फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे. असे तज्ञ जिल्ह्यात आहेत. पण तेही दर मंगळवारी प्रत्येक उंबऱ्याशी येऊ शकणार नाहीत. येऊ शकते ती शेजारीण, मग ती आशा सेविका असो, बचतगटातली असो, की याच आजारातून उठलेली असो. तिने काय करायचे? बरोबर चालायचे. भिंतीवरची खूण पाहायची. बाटलीत पाणी किती भरायचे ते तज्ञाने ठरवले असेल, तसे पाळायला लावायचे; एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम, यापेक्षा सोपे वजन कोणत्या व्यायामशाळेत मिळणार? हा आजार शिवण्याने होत नाही हे चारचौघींत ठासून सांगायचे. बाभळीचा काटा, खुरप्याचा घाव, उसाच्या पात्याचा ओरखडा यांकडे लक्ष ठेवायचे, कारण अशा हाताला जंतुसंसर्ग झाला तर सूज हटकून वाढते. हात लाल झाला, गरम लागला, ताप आला, छातीत दुखले, दम लागला किंवा हाडात नवे दुखणे सुरू झाले, तर व्यायाम बंद आणि दवाखाना. औषधांबद्दल मात्र तिने तोंड उघडायचे नाही.

आणि तिच्या पिशवीत एक शिंप्याची फीत हवी. हाताची सूज डोळ्यांना दिसायला लागण्यापूर्वी फितीला कळते. मनगटापासून वर दर ४ सेंमीवर खूण करून परीघ मोजायचे. दोन खुणांमधला हाताचा तुकडा हा शंकुछेद मानता येतो. परीघ प१ आणि प२, उंची उ, तर घनफळ = उ × (प१² + प१ × प२ + प२²) ÷ १२π. समजा परीघ २४ आणि २२ सेंमी आहेत. मग घनफळ = ४ × (५७६ + ५२८ + ४८४) ÷ ३७.७ = सुमारे १६८.५ घन सेंमी. दोन्ही परीघ एकेक सेंटिमीटरने वाढून २५ आणि २३ झाले, तर उत्तर येते १८३.५. परीघ ४ टक्के वाढला, घनफळ ९ टक्के! दोन हातांच्या परिघांत २ सेंमी किंवा घनफळांत १० टक्के फरक पडला की सूज धरावी, असा डॉक्टरांचा एक प्रचलित निकष आहे. म्हणून महिन्याला एकदा, त्याच वेळी, त्याच खुणांवर, फीत न आवळता मोजायचे आणि दोन्ही हातांचे मोजायचे. शस्त्रक्रियेपूर्वीच एकदा मोजून ठेवले असेल तर फारच उत्तम.

करून पाहा

हे मोजमाप शाळेत करता येईल. एक उंच बादली परातीत ठेवून काठोकाठ भरा. हात मनगटापर्यंत बुडवा, सांडलेले पाणी मोजपात्राने मोजा. बादली पुन्हा भरून तोच हात कोपरापर्यंत बुडवा आणि मोजा. दोन्ही मापांची वजाबाकी म्हणजे मनगट ते कोपर या भागाचे घनफळ. दवाखान्यांतही आर्किमिडीजची ही रीत वापरतात. आता त्याच हातावर फितीने दर ४ सेंमीवर परीघ घ्या, प्रत्येक शंकुछेदाचे घनफळ काढा आणि बेरीज करा. वर्गातल्या दहा जणांचे दोन्ही हात मोजा. निरोगी माणसाचेही उजवे-डावे हात सारखे भरत नाहीत असे आढळेल. तो फरक किती टक्के येतो आणि उजखोऱ्या-डावखोऱ्यांत तो कसा बदलतो, याचा तक्ता करा. मग एकाच मुलाचा एकच हात पाच वेगवेगळ्या मुलांना फितीने मोजायला सांगा आणि पाच उत्तरांत किती अंतर पडते ते त्याच तक्त्याखाली लिहा.